इलेक्ट्रिक चेनसॉची चेन सारखी उतरतेय? नॉब फिरवण्याआधी तेल बघा

तक्रार साधारण याच शब्दांत येते: "चेन बसवली, घट्ट केली, चार फांद्या कापल्या की परत लोंबते. परत घट्ट करा, परत उतरते. मशीनच खराब निघालं का?"

इंदूरला ही तक्रार जूनच्या सुमारास जास्त ऐकू येते. पावसाआधीच्या वादळात लोकमान्य नगर, सुदामा नगरच्या जुन्या घरांच्या आवारात गुलमोहराची नाहीतर कडुनिंबाची एखादी जाड फांदी पडते, माळी भाव खातो, आणि मग घरातलं कोणीतरी हौसेनं घेतलेलं १६ इंची मशीन माळ्यावरून खाली काढतं. राऊकडे किंवा खंडवा रोडला ज्यांचं शेत आहे, त्यांच्याकडे तर बाभूळ असतेच. वर्षभर पडून राहिलेलं मशीन, त्यात मागच्या वर्षीचा भुसा, टाकीत तळाला थोडंसं तेल. चेन उतरणारच.

मशीन क्वचितच खराब असतं. आणि ताणही बहुतेक वेळा मूळ कारण नसतो. चेन सैल होते ती तापते म्हणून, आणि तापते ती दोन कारणांनी: चेनला तेल पोचत नाही किंवा धार गेलेली असते. लोखंड तापलं की लांबतं. पन्नासच्या वर कड्यांची चेन तापली की तेवढ्यानं बारखाली (चेन जिच्या कडेनं फिरते त्या लांब पट्टीखाली) झोळ पडतो. आपण काय करतो? ती गरम असतानाच नॉब फिरवून कसतो. अर्ध्या तासानं ती गार होते, आक्रसते, आणि बारवर इतकी आवळून बसते की मोटरच्या शाफ्टवर, बेअरिंगवर आणि स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) ताण येतो. दुसऱ्या दिवशी मशीन जड चालतं, चेन आणखी तापते, आणखी लांबते. म्हणून नियम एकच: ताण नेहमी गार चेनचा तपासायचा. कामाच्या मध्येच गरम चेन कसावीच लागली, तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवायची.

चेनला, बारला किंवा कव्हरला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, आणि काढलेली पिन आपल्या नजरेसमोर ठेवायची. घरात कोणीतरी "लाइट गेली का?" म्हणत प्लग परत लावून टाकतो, आणि त्या वेळी आपली बोटं चेनवर असतात.

तेल पोचतंय का?

साधी परीक्षा अशी. टाकी भरा. अंगणात जुना खोका किंवा वर्तमानपत्र पसरा, बारचं टोक कागदापासून वीतभर वर धरा आणि मशीन रिकामं चालवा. थोड्याच वेळात कागदावर तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटायला हवी. रेघ आली नाही तर कापायला सुरुवात करू नका. आणखी एक खूण आहे, तिच्यासाठी काहीच करावं लागत नाही: बराच वेळ लाकूड कापलं आणि टाकी जशीच्या तशी भरलेली आहे, तर आनंद मानू नका. तेल वाचलेलं नाही, ते बारपर्यंत गेलेलंच नाही.

शेजारच्या काकांच्या मशीनचं बाजूचं कव्हर उघडलं तेव्हा आत स्प्रॉकेट दिसतच नव्हतं. वाळक्या बाभळीचा भुसा आणि तेल मिळून काळा लगदा झाला होता, आणि तो कव्हरच्या आकाराचा घट्ट थापला गेला होता. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटला तर वडीसारखा अख्खा निघाला. बार काढून पाहिला. स्प्रॉकेटच्या बाजूच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, त्यातून तेल खाचेत उतरतं. ते भोक त्याच लगद्यानं बुजलेलं. काका महिनाभर ताणाचा नॉब फिरवत होते.

साफ करायला काही खास लागत नाही. भोकात बारीक तार घाला. बारच्या खाचेत हॅकसॉ ब्लेडचा मोडका तुकडा किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी घालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. काळी मळी सुतळीसारखी बाहेर येते. मशीनच्या अंगावर जिथून तेल बाहेर येतं ती जागाही जुन्या टूथब्रशनं पुसा. बार परत लावताना उलटा करून लावा, म्हणजे खालची कड वर. कापण्याचा बहुतेक भार खालच्या कडेवर येतो, त्यामुळे ती आधी झिजते. दर वेळी धार लावताना बार उलटवला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात. उलटवल्यावर बारवर छापलेलं नाव डोक्यावर होतं, त्यानं काही बिघडत नाही.

कोणतं तेल? चेनसॉसाठीचं बार ऑइल चिकट असतं, म्हणून वेगानं फिरणाऱ्या चेनवरून ते उडून जात नाही. ते मिळालं तर तेच वापरा. नाहीच मिळालं तर नवं, स्वच्छ एसएई ३० इंजिन ऑइल चालतं, बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत तशी मुभाही दिलेली असते. गॅरेजमधून फुकट आणलेलं जळकं ऑइल मात्र घालू नका. त्यात धातूचे कण असतात, ते पंप खातात. शिवाय ते उडून आपल्याच हातावर आणि तोंडावर बसतं, आणि ते कातडीला बरं नाही. सोयाबीनचं तेल घालू का, असंही विचारतात, आणि माळव्यात हा प्रश्न सुचणं साहजिक आहे. एक दिवस काम भागेल. पण हे तेल हवेत हळूहळू वाळून चिकट होतं. ते टाकीत ठेवून मशीन माळ्यावर टाकलंत तर पुढच्या जूनला पंप चिकटलेला मिळेल.

ठेवलेल्या मशीनखाली तेल ठिबकणं हा बिघाड नाही. बारमध्ये राहिलेलं तेल खाली उतरतं, एवढंच. खाली पुठ्ठा घाला.

भुसा पडतोय की ढलप्या?

तेल नीट असूनही चेन तापत असेल तर कापलेल्या लाकडाखाली बघा. धारदार चेन लाकडाच्या छोट्या छोट्या ढलप्या काढते, त्या बोटांत धरता येतात. धार गेली की पिठासारखा बारीक भुसा पडतो, कापलेल्या जागी लाकूड काळसर होतं आणि कधी धूर येतो. तिसरी खूण आपल्याच खांद्यात जाणवते: मशीन दाबावं लागतं. चांगली चेन स्वतःच्या वजनानं लाकडात उतरते. दाबावं लागलं की घर्षण वाढतं, चेन तापते, सैल होते, आणि आपण परत नॉबकडे वळतो.

धार जाते मुख्यतः मातीनं. वादळात पडलेला बुंधा चिखलात लोळलेला असतो, आणि आपली काळी माती वाळली की सालीच्या भेगांत दगडासारखी बसते. तारेच्या ब्रशनं, नाहीतर निदान खराट्यानं ती झाडून काढा. जमिनीवर पडलेलं खोड आरपार कापू नका: वरून दोन तृतीयांश कापा, खोड लोळवा, मग उरलेलं कापा. चेनचं टोक एकदा जमिनीला लागलं की सकाळभराची धार एका क्षणात जाते. आवारातल्या जुन्या झाडांत खिळे निघतात, हे तर विचारूच नका. नावाची पाटी, कपडे वाळत घालायची तार, दिवाळीच्या माळांसाठी ठोकलेले हूक. झाडानं वरून साल धरलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कडुनिंबाच्या खोडाचा माणसाच्या हाताला येणारा भाग मी तरी आधी नीट चाचपून घेतो.

धार घरी लावता येते. या मशीनवर बहुतेक ३/८ इंच लो प्रोफाइलची चेन असते आणि तिला ४ मि.मी. व्यासाची गोल कानस लागते. दात्याच्या वरच्या पात्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, ती साधारण ३० अंशांची. कानस तिला समांतर धरा. आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकला, मागे ओढताना उचला. सगळ्यात बोथट दाता आधी घासा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दाते जास्त झिजलेले राहिले तर काप वाकडा जातो, बार त्या वाकड्या कापात अडकतो, आणि तिथूनही चेन खाचेबाहेर पडू शकते. प्रत्येक दात्यासमोर एक बुटका उंचवटा असतो, तो दात्यापेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली हवा. बऱ्याच वेळा धार लावून झाल्यावर तो चपट्या कानशीनं थोडा उतरवावा लागतो, पण मापपट्टीनं बघूनच. "आणखी जोरात कापेल" म्हणून तो जास्त उतरवला की मशीन हातात उसळायला लागतं.

बसवण्यातल्या चुका

आता बसवणं. हातमोजे घाला. पुढचा हँडगार्ड मागे ओढून चेन ब्रेक मोकळा करा. काही मॉडेलमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो आणि ब्रेक लागलेला असेल तर कव्हर बसतच नाही. मग लोक ते ठोकून बसवतात.

चेन बारच्या टोकाकडून घालत या. वरच्या बाजूचे दाते टोकाकडे तोंड करून हवेत. उलटी बसलेली चेन नुसती घासते, कापत नाही. मग ती स्प्रॉकेटवर चढवा आणि ताणाची छोटी खुंटी बारच्या भोकात नीट गेली आहे का, हे डोळ्यांनी बघा. ही खुंटी भोकाबाहेर राहिली तर नॉब फिरतो, वाटतं ताण आला, आणि पहिल्याच फांदीला सगळं सुटतं. वर कव्हरलाही आतून खड्डा पडतो.

नट नुसते बोटानं लावा. आता एका हातानं बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून ताणाचा स्क्रू फिरवा; टोक वर असतानाच नट पक्के करा. ही एक गोष्ट न केल्यामुळे जेवढ्या चेन उतरतात, तेवढ्या दुसऱ्या कशानं उतरत नसाव्यात. टोक खाली लोंबत असताना ताण दिला की बार आणि मशीन यांच्यातली फट तशीच राहते, आणि कापताना लाकडानं बार वर ढकलला गेला की तेवढा ताण निघून जातो. नॉबनं कसायची मशीनं असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे हाताच्या जोरापलीकडे काहीच पक्कं धरत नाही.

ताण किती? खालून चेन बारला लागून हवी, झोळ नको. वर मध्यभागी चिमटीत धरून उचलली तर तीनेक मिलिमीटर वर यावी, आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडल्यावर टपकन परत बसावी. मोजे घातलेल्या हातानं ती बारवर सहज पुढे ओढता यावी. नवी चेन सुरुवातीला बसते, म्हणजे थोडी लांबतेच. काही मिनिटं रिकामी चालवा, गार होऊ द्या, परत बघा, आणि पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा बघत राहा. ती सैल झाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

एकदा उतरली की परत का उतरते

चेन चालू असताना उतरते, तेव्हा खालचे आतले दात (ड्राइव्ह लिंक) स्प्रॉकेटवर आपटतात आणि त्यांच्या कडांना बारीक बर (धातूची खरबरीत कड) येते, नखानं चाचपली की लागते. अशी कडी खाचेत पूर्ण बसत नाही. आपण चेन परत चढवतो, ताण देतो, ती ताणलेली दिसते, आणि ती खरबरीत कडी आली की सगळी चेन उचलली जाते. म्हणून उतरलेली चेन तशीच परत चढवू नका. एकेक कडी बघा, चपट्या कानशीनं बर घासून काढा. मोडलेली किंवा वाकलेली कडी असेल तर चेन बदला, जोडाजोड नको. बारच्या दोन्ही कडांनाही अशीच बर येते, तीही घासा.

बार झिजला आहे का, ते असं कळतं: चेन बारवर असताना दाता बाजूला कलवून बघा. ती डुलत असेल, एका बाजूला झुकत असेल तर खाच रुंद झाली, बार बदलायचा. स्प्रॉकेटवर चेननं पाडलेल्या खाचा साधारण अर्धा मिलिमीटर खोल गेल्या की तोही बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर नवी चेनही लवकर जाते, सायकलचं तसंच असतं.

आणि कधी कधी चेनच चुकीची असते. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानात जाऊन "सोलह इंच की चेन दे दो" म्हटलं की जाणता दुकानदार लगेच विचारतो, "कितनी कड़ी?" कारण १६ इंची बारला ५६ कड्यांचीही चेन येते आणि ५७ चीही. एका कडीनं ताणाचा स्क्रू शेवटाला जातो, आणि तरी चेन सैल राहते. कड्यांची संख्या, पिच (कड्यांमधलं अंतर, ३/८ की ०.३२५ इंच) आणि गेज (आतल्या दातांची जाडी, बहुधा १.३ मि.मी.) तिन्ही जुळायला हवेत. हे आकडे बारवर मशीनकडच्या बाजूला छापलेले असतात. पुसले असतील तर जुनी चेनच पिशवीत घालून न्या.

वापरतानाही चेन उतरवता येते. बारीक काटक्यांचा झुडपा कापायला चेनसॉ वापरला की काटकी चेनमध्ये ओढली जाते आणि तिला बाजूला फेकते. सुबाभळीची बोटभर जाड फांदी कोयत्यानं तोडा. बार लाकडात अडकला तर इकडे-तिकडे हिसके देऊ नका: मशीन बंद करा, प्लग काढा, लाकडी पाचर ठोकून काप उघडा, मग सरळ ओढा.

वायर बारीक असली की

कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन कमी जोर देतं, आपण दाबतो, चेन तापते. म्हणून वायरही या तक्रारीतच येते. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास घेतं. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ते लावायचं नाही, पॉवर प्लग हवा. मिक्सरसाठी घेतलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर ०.७५ चौरस मि.मी.ची असेल तर २५ मीटरवर तिच्यातच दहा-अकरा व्होल्ट जातात, आणि शेतावर आधीच व्होल्टेज कमी असतं. २५ मीटरपर्यंत १.५ आणि त्यापुढे २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची तीन कोअर वायर घ्या. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. सॉकेटच्या मागे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवी, कारण कधीतरी चेन वायरवर जाते. वायर पाठीमागून, उजव्या खांद्यावरून घ्या म्हणजे ती कापाच्या बाजूला येत नाही. ओल्या गवतात, पावसाच्या भुरभुरीत हे काम करू नका.

उतरणारी चेन पायाकडे येते

चेन उतरते किंवा तुटते तेव्हा ती मागे-खाली फेकली जाते. बारच्या मुळाशी खाली एक छोटा हूक असतो, चेन अडवण्यासाठी. तो तुटला असेल तर आधी तो बदला. पायात चप्पल नको, जाड बूट हवेत. गॉगल, कानाला मफ, डोक्यावर काहीतरी टणक. आणि गळ्यातला गमछा, ओढणी काढून ठेवा. चेनसॉसाठी मिळणारी जाड पँट घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका, इलेक्ट्रिक मोटरचा जोर तिच्या धाग्यांनी थांबेलच असं नाही.

बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागू देऊ नका. तिथे चेन पकडली गेली की मशीन एका झटक्यात वर, आपल्या तोंडाकडे येतं. म्हणूनच पुढची मूठ डाव्या हातानं, अंगठा खालून वळवून धरायची, आणि कापाच्या रेषेत डोकं न ठेवता थोडं डावीकडे उभं राहायचं. रोज काम सुरू करण्याआधी चेन फिरत असताना डाव्या मनगटानं हँडगार्ड पुढे ढकलून बघा: चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी मशीन वापरायचं नाही. शिडीवर चढून आणि खांद्याच्या वर हात नेऊन कापायचं नाही. विजेच्या तारांवर पडलेली फांदी वीज कंपनीची, आपली नाही.

पडलेल्या फांद्यांची गोष्ट वेगळी, पण शहरात उभं झाड पाडायचं तर मध्य प्रदेशच्या नगरीय क्षेत्रातल्या वृक्ष परिरक्षणाच्या २००१ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड आपल्या आवारातलं असलं तरी.

हे सगळं केलं, तेलाची रेघ कागदावर येते, ढलप्या पडतात, बर काढली, आणि तरीही चेन उतरतेच आहे, तर बार, चेन आणि स्प्रॉकेट तिन्ही एकदम बदला. एक बदलून बघू, मग दुसरं, असं केलं तर जुना भाग नव्याला झिजवत राहतो आणि खर्च शेवटी जास्तच होतो.